जळगावचं एकपडदा चित्रपटगृह: राष्ट्रगीताची व्यवस्था कशी आहे?

राष्ट्रगीत जाहिराती संपल्यावर, सिनेमाच्या लगेच आधी लागतं. वेळ योग्य. पूर्ण ५२ सेकंदांचं, आवाज स्वच्छ. ‘कृपया उभे राहा’ ही पाटी मात्र क्षणभरच दिसते. मांडीवरचं लेकरू आणि हातातला पॉपकॉर्न सावरेपर्यंत दोन ओळी निघून जातात. पाटी निदान दहा सेकंद हवी. दिवेही सगळेच मालवतात. बाल्कनी चढणाऱ्याने अंधारात स्तब्ध उभं राहायचं कसं? पायऱ्यांचे दिवे चालूच ठेवा. दारं लोटलेली असतात, कडी घातलेली नसते, हे उत्तम.

बसलेल्यांवर डोअरकीपर टॉर्च मारतो, ते थांबलंच पाहिजे. ९ जानेवारी २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात राष्ट्रगीत लावणं ऐच्छिक केलं. लावलं तर उभं राहायचंच, पण अपंगांना सूट आहे, आणि व्यंग अंधारात दिसेलच असं नाही. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यातली शिक्षा मुद्दाम गायन रोखणाऱ्याला किंवा व्यत्यय आणणाऱ्याला आहे. धडधाकट माणसाने बसून राहणं आम्हाला मुळीच पटत नाही. तरी त्याला दटावण्याचा हक्क शेजारच्या खुर्चीला नाही.

सिनेमाच्या कथेतच राष्ट्रगीत आलं तर उठणं बंधनकारक नाही. ही सूचना तिकीटखिडकीवर लावावी.