ठाण्यात आईचे कॅथेटर ॲब्लेशन: उपचार चोख, नंतरची सोबत अपुरी

माझ्या आईला एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून नाडी अनियमित होण्याचा त्रास होता. औषधे बदलूनही धडधड आणि दम आटोक्यात येईना, तेव्हा घोडबंदर रस्त्यावरील एका खासगी रुग्णालयात आम्ही तिचे कॅथेटर ॲब्लेशन करून घेतले. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे.

सर्वांत अधिक गुण मी आधीच्या संभाषणाला देईन. फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या मुखाशी अवेळी विद्युत संदेश उमटतात आणि तेच बहुधा हा विकार सुरू करतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. आमच्या डॉक्टरांनी ते कागदावर हृदय काढून समजावले, आणि त्या मुखांभोवती बारीक डागण्यांचे कडे करून संदेशांची वाट बंद करणे म्हणजे ॲब्लेशन, असे सांगितले. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेल्यास लकवा होऊ शकतो, म्हणून आईने विचारले, "डॉक्टर, याने लकव्याची भीती जाईल ना?" तिला धीर वाटावा म्हणून त्यांनी मान डोलावली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅबाना या २,२०४ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू, पक्षाघात, गंभीर रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे यांचे एकत्रित प्रमाण औषधांच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले नव्हते, मात्र रोजचे जगणे अधिक सुसह्य झाले होते, हे त्यांनी स्पष्ट केले. "काकू, धडधड कमी व्हावी म्हणून हे करायचे, रक्त पातळ करणारी गोळी सुटेल म्हणून नाही," हे त्यांचे वाक्य प्रत्येक रुग्णाच्या कानी पडायला हवे, असे मला मनापासून वाटते. त्रास पुन्हा उद्भवू शकतो आणि कधी दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागते, हेही त्यांनी लपवले नाही. ते स्वतः अशी किती ॲब्लेशन करतात, हा प्रश्न आम्ही विचारला आणि त्यांनी न चिडता उत्तर दिले. सरावलेल्या हातांत गुंतागुंत कमी होते, म्हणून हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

कॅथलॅबमधील, म्हणजे ॲब्लेशन झाले त्या खोलीतील, कामाबद्दल माझी तक्रार नाही. हृदयात गुठळी नाही ना, हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोने आधी पाहिले गेले. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी मागे असल्याने डागण्या देताना तिचे तापमान मोजत राहिले. जांघेतील शिरेतून नळ्या घातलेल्या असल्यामुळे नंतर काही तास पाय सरळ ठेवावा लागतो, आणि रात्रपाळीच्या सिस्टर दर थोड्या वेळाने चादर बाजूला करून, जांघेवर बोटांनी हलकेच दाबून सूज वाढते आहे का ते पाहत होत्या. "काकू, पाय दुमडायचा नाही हं, कूस बदलायची असेल तर मला हाक मारा," असे सांगताना त्यांच्या आवाजात जराही कंटाळा नव्हता.

खर्चाचा अंदाज देताना मात्र मॅपिंगच्या कॅथेटरची, म्हणजे हृदयातील विद्युत संदेशांचा नकाशा काढणाऱ्या नळीची, किंमत स्वतंत्र दाखवली नव्हती, त्यामुळे विमा कंपनीच्या मंजुरीसाठी ऐनवेळी धावपळ झाली. याहून गंभीर उणीव डिस्चार्जच्या कागदात होती. इंग्रजी संक्षेपांनी भरलेल्या त्या कागदात, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जखमा भरत असताना लय पुन्हा बिघडू शकते आणि तेवढ्यावरून उपचार फसला असे ठरत नाही, हे कोठेही नव्हते. घरी आल्यावर एका रात्री आईची नाडी पुन्हा धावू लागली, तेव्हा रुग्णालयाच्या दूरध्वनीवर "उद्या ओपीडीत या" एवढेच उत्तर मिळाले. इतक्या कुशलतेने केलेल्या कामानंतर रुग्णाला असे एकटे सोडणे मला मान्य नाही.

येथे जाणाऱ्यांनी घरी निघण्यापूर्वी तीन गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात: रक्त पातळ करणारी गोळी कोणी सांगेपर्यंत बंद करायची नाही, होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभर हृदयाची लय नोंदवण्याची तपासणी) कधी करायचा, आणि रात्री कोणाला फोन करायचा. याशिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखले किंवा बोलणे अडखळले, तर अन्ननलिकेला इजा झाल्याची शक्यता क्वचित का होईना असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि कोणीही दुर्बिणीने अन्ननलिका तपासण्याआधी ॲब्लेशन झाल्याचे सांगावे.