अडीच किलोचा बिडाचा तवा: पावसाळा आणि थंडी वापरून झाल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर तुळशीबागेतून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणला. दहा इंची, अडीच किलोचा, दांडीसुद्धा बिडाचीच. आता थंडी सरत आली, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. तवा झकास आहे, पण तो विकताना जे कारण सांगतात ते अर्धंच खरं आहे.

"ताई, लोखंड उष्णता धरून ठेवतं, अ‍ॅल्युमिनियमला ते जमत नाही," हे वाक्य त्या गल्लीत कुठेही ऐकायला मिळेल. आकडे वेगळं सांगतात. एक ग्रॅम बीड एका अंशाने तापायला साधारण ०.४६ ज्यूल घेतं, अ‍ॅल्युमिनियम ०.९०, तांबं ०.३९. (पाणी या सगळ्यांचा बाप, ४.१८.) म्हणजे ग्रॅमला ग्रॅम लावला तर अ‍ॅल्युमिनियमच जवळजवळ दुप्पट उष्णता साठवतं! दहावीच्या पुस्तकात मेणाच्या थरावर तापलेले गोळे ठेवायचा प्रयोग आहे. त्यात लोखंडाचा गोळा सगळ्यांत खोल जातो खरा, पण त्याच्या जोडीला असतात तांबं आणि शिसं. अ‍ॅल्युमिनियम त्या स्पर्धेत उतरलेलंच नाही. ड्यूलाँ आणि पेती या फ्रेंच जोडीने १८१९ मध्येच दाखवलं होतं की अणू हलका असो वा जड, बहुतेक धातूंत अणूमागे उष्णता जवळपास सारखीच लागते. अ‍ॅल्युमिनियमचा अणू लोखंडाच्या अणूच्या साधारण निम्म्या वजनाचा, म्हणून ग्रॅमभरात अणू दुप्पट.

मग बिडाचा तवा सरस का ठरतो? निव्वळ वजनावर. आमचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा नॉनस्टिक ७०० ग्रॅमचा, त्याला एक अंश चढायला ६३० ज्यूल लागतात. बिडाच्या या धोंड्याला ११५०.

फरक दिसतो तो घावनाला. पातळ पीठ पडताक्षणी चर्र झालं तरच जाळी पडते, आणि पाण्याचा प्रत्येक ग्रॅम वाफ होताना सुमारे २२६० ज्यूल घेऊन उडतो. दहा ग्रॅम पाणी उडालं की, खालची आच घटकाभर बाजूला ठेवली तर, नॉनस्टिक ३६ अंशांनी उतरतो आणि बिडाचा २० अंशांनी. म्हणून नॉनस्टिकवर पहिलं घावन देखणं आणि दुसरं फिकं, मऊ, बिनजाळीचं. बिडावर लागोपाठ घालत गेलं तरी शेवटचं पहिल्यासारखंच निघतं. थालीपिठाचा शेवटचा घाणा तर मी गॅस बंद करूनच भाजते.

आता दुसरी बाजू. साठवलेली उष्णता फुकट येत नाही. हा तवा ३० अंशांवरून २०० वर न्यायला जवळपास दोन लाख ज्यूल लागतात. तेवढ्यात साडेसहाशे मिली पाणी उकळीला आलं असतं. शिवाय गॅसची बरीचशी धग भांड्याच्या कडेने निघून जाते ती वेगळीच. एकट्यासाठी एक धिरडं करायचं असेल तर हा तवा काढू नका. त्यात बीड उष्णता पसरवायला मंद, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या चौपट चलाख. मोठ्या आचेवर मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तापू द्यायचा, सकाळच्या डब्याच्या घाईत हे जड जातं.

पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओला ठेवला की रात्रीत तांबूस डाग. पुसून, गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवणं आलंच. रोज अर्धा कांदा तेलात बुडवून घासत गेलं की तवा हळूहळू रुळतो. माझा दिवाळीपर्यंत रुळला. सासूबाईंचं मनगट दुखतं, त्यांना तो एका हाताने उचलवत नाही. दांडीला फडकं लागतंच.

घेणार असाल तर दुकानात काट्यावर ठेवायला सांगा. दीड किलोच्या बिडाच्या तव्याला एका अंशासाठी ६९० ज्यूल लागतात, म्हणजे आमच्या नॉनस्टिकच्या जेमतेम पुढे. त्यासाठी गंजाची कटकट मी तरी घेणार नाही.