चाळिशीत वैमानिक: तास बारामती-धुळ्यात भरावेत की अमेरिकेत?

डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं, त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक म्हणून. मुंबईतली नोकरी सोडून हे करायचं, तर तास कुठे भरायचे हा निर्णय पैशांइतकाच घरच्यांचाही असतो.

बारामती किंवा धुळ्याच्या उड्डाणशाळेत राहिलात तर आईवडिलांच्या आजारपणात त्याच दिवशी घरी पोहोचता येतं. परवाना इथलाच, त्यामुळे परदेशी परवान्याचं भारतीय परवान्यात रूपांतर करण्याची कटकट नाही. अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर ढग खाली आले की सराव थांबतो. त्यात विमानं कमी आणि विद्यार्थी जास्त असतील तर महिने नुसते वाट पाहण्यात जातात, आणि पगार बंद असताना ते फार जड जातात. म्हणून फी भरण्याआधी एकदा तिथे जाऊन या. आज किती विमानं प्रत्यक्ष उडतायत, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात आकाश वर्षातला बराच काळ मोकळं, तास भराभर भरतात. पण खर्च डॉलरमध्ये, व्हिसा वेगळा, आणि परतल्यावर परवान्याचं रूपांतर करावं लागतं.

घरची जबाबदारी असेल तर मी इथलीच शाळा सुचवेन. वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल आणि जोडीदाराची मनापासून तयारी असेल, तरच अमेरिका.

दोन्हीकडे क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकासाठीची वैद्यकीय तपासणी) आधी करून घ्या, चाळिशीत तर नक्कीच.