मुंबईतलं यॉट पॅकेज: आमचे 24,249 रुपये गेले, मे महिन्यात जाणाऱ्यांनी वाचाच

हे लिहायची लाज वाटतेय, घरात तर अजून सासरच्या मंडळींना पूर्ण आकडा सांगितलेला नाही, पण सुट्ट्या चालू आहेत आणि रोज कोणी ना कोणी मुंबईला निघालंय म्हणून लिहितेय.

आम्ही जालन्याचे. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंनी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता, मुलांना बोट आणि वॉटर पार्क पाहिजे होतं. मोबाईलवर जाहिरात आली, 'मुंबई समर स्पेशल', रविवारी संध्याकाळी गेटवेवरून दोन तास प्रायव्हेट यॉट, सोमवारी सकाळी एलिफंटा आणि दुपारून वॉटर पार्क, माणशी 2,850. पाच जणांचे 14,250. लोक म्हणतील स्वस्ताच्या मागे लागलात, पण हे स्वस्त नव्हतंच ना! पाचशे-हजारात देतो म्हणाला असता तर मलाच शंका आली असती. पेजवर हजारो फॉलोअर, खाली मराठीत कमेंटी, फॅमिलीचे फोटो. फोन केला तर समोरचा अस्सल मराठीत, "ताई, निवांत या, आजींना पायऱ्या जमणार नाहीत ना, डोलीवाल्याला सांगून ठेवतो." आता जो माणूस सासूबाईंच्या गुडघ्याचा विचार करतोय त्याच्यावर कोण संशय घेणार? अर्धे म्हणजे 7,125 जालन्यातूनच पाठवले. लगेच पीडीएफ तिकीट आलं, शिक्का, बारकोड, सगळ्यांची नावं वयासकट.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून रविवारी सकाळी पोचलो. दुपारी चारला गेटवेवर. त्याचा फोन, "ताई, स्लॉट कन्फर्म करायला बाकीचे 7,125 टाका, आणि 5,000 सिक्युरिटी डिपॉझिट, बोटीतून उतरलं की परत." क्यूआर पाठवला.

आणि इथेच. हा क्षण मला रात्री झोपू देत नाही. पहिल्या वेळी पैसे भरताना ट्रॅव्हल्सचं नाव आलं होतं, या वेळी कुठल्यातरी भलत्याच माणसाचं नाव आलं, ट्रॅव्हल्स नाही की बोट नाही. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, सन्डेला मेन अकाउंटला लिमिट येते. पण तिथली परिस्थिती बघा, डोक्यावर ऊन, स्क्रीन हाताने झाकल्याशिवाय दिसत नाही, घामाने बोटं ओली त्यामुळे फिंगरप्रिंट लागत नाही, धाकटा रडतोय, सासूबाईंना बसायला जागा नाही, आणि हा फोनवर म्हणतोय बोट पाच मिनिटांत सुटते, मागची पार्टी थांबलीय. मी पैसे टाकले. 7,125 आणि 5,000. तिथून पुढे तो 'ताई'चा 'मॅडम' झाला आणि वीस मिनिटांनी फोन बंद.

तिकीट घेऊन जेट्टीवर गेलो तर लाँचवाल्या काकांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, या नावाची बोटच नाही इथं. आणि उद्या एलिफंटा कसं दाखवणार होता? सोमवारी लेणी बंद असतात." म्हणजे फसवणूक तिकिटावर छापूनच आलेली होती! एलिफंटा सोमवारी बंद, हे मुंबईत जन्म गेलेल्यांना तरी माहीत असतं का, जालन्याच्या माणसाला कुठून असणार. पण तुम्ही लक्षात ठेवा. राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते, तेही बघून जा.

एलिफंटाच्या लाँचचं तिकीट तिथेच गेटवेला खिडकीवर मिळतं, आगाऊ काहीही भरायची गरज नाही. लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना फुकट. हे कोणी आधी सांगितलं असतं तर!

रात्री लॉजवर परत फोन, दुसराच आवाज, एकदम नम्र. हवामानामुळे बोट कॅन्सल झाली, तुमचा पूर्ण रिफंड करतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका की जमा होईल. मिस्टरांनी टाकला. 4,999 गेले. त्यांना कोणी नावं ठेवू नका, दिवसभर उन्हात उपाशी फिरलेला माणूस, डोळ्यांसमोर गेलेले पैसे परत येतायत म्हटल्यावर काय करणार. पैसे *यायला* पिन कधीच लागत नाही, आईवडिलांना, सासूसासऱ्यांना, सगळ्यांना हे पाठ करून घ्या.

आता पोलिसांचं ऐका. मुंबईत जवळच्या ठाण्यात गेलो, दीड तास बाकड्यावर बसवलं, मग साहेब म्हणतात पहिलं पेमेंट जालन्यातून झालंय ना, तिकडे तक्रार करा. गावी आलो तर इथले म्हणतात घटना मुंबईत घडलीय, तिकडे का नाही केली? अहो केली की! वर म्हणे शिकलेली माणसं तुम्ही, असं कसं फसता. मी तिथे अक्कल शिकायला गेले होते का? हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, नव्या कायद्यात, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते सरळ लिहिलंय, आणि तो कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. हे एका वकील नातेवाइकाने सांगितलं, ठाण्यात बोलून दाखवलं तर "मग वकिलालाच घेऊन या" असं उत्तर. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, आवक-जावकचा शिक्का मारला, संपलं. एफआयआर नाहीच. बँकेत तर त्याहून वाईट, काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही. अहो पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्यातरी बँकेनेच कागदपत्रं बघून उघडलं ना? त्या माणसाचं नाव माझ्या मोबाईलवर दिसतंय, पोलिसांना दिसत नाही? पेज रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. जाहिरातीचे पैसे घेताना काही आढळायची गरज नसते यांना.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा असतो हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यात. पहिल्या तासात केला तर रक्कम गोठवता येते, म्हणून ठाण्यात जाऊन बसण्याआधी आधी तो फोन करा. स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, आमचं अर्धं चॅट त्याने डिलीट केलं.

कालच मैत्रिणीने लिंक पाठवली. पेजचं नाव बदललंय, फोटो तेच, कमेंटीतल्या फॅमिलीसुद्धा त्याच, आणि आता 'मान्सून यॉट स्पेशल, गेटवे ते मांडवा' चालू केलंय. पावसाळ्यात गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात! मी खाली तसं लिहिलं तर दोन मिनिटांत ब्लॉक. ज्यांनी कोणी यात ॲडव्हान्स भरलाय त्यांनी त्या माणसाला फोन करून विचारत बसू नका, तो गोडच बोलणार. बँकेच्या ॲपमधून यूटीआर नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा व्यवहार क्रमांक, काढा आणि आत्ता 1930 लावा.