ढब्बूला पाचपैकी तीन तारे

वस्तू: ठोसा मारून पाडला की परत उभा राहणारा हवेचा बाहुला. उंची तीन फूट, किंमत 449 रुपये, ऑनलाइन मागवलेला. वापर: सहा आठवडे. वापरणारे: साडेचार वर्षांचा नातू आणि त्याचा बाप. खोक्यावर ‘वय 3 ते 8’ लिहिलंय, बापाचं वय त्यात बसत नाही.

आधी कबूल करते, मागवला मी, आणि नातवासाठी मागवला हे अर्धंच खरं. डी.एड. कॉलेजात सत्तावीस वर्षं मी शैक्षणिक मानसशास्त्र शिकवलं. दर वर्षी ‘निरीक्षणातून अध्ययन’, म्हणजे बघून शिकणं, हा घटक आला की मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यायचे आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या प्रयोगातला, असाच ठोसे खाऊन उठणारा बोबो बाहुला. तो मी फळ्यावर खडूनं काढायचे, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे माझा बोबो समईसारखा दिसायचा. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला आले, एका दुपारी फोनवर जाहिरात दिसली आणि राहवलं नाही.

आता वस्तूबद्दल. पंप फोटोत आहे, खोक्यात नाही. मुलानं तोंडानं फुगवला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून मध्ये दोनदा खुर्चीत बसला. बुडात पाणी भरायचं भोक इतकं बारीक की नरसाळं शिरत नाही. शेवटी चोचीची सॉसची बाटली धुऊन घेतली. प्लास्टिकचा वास जायला दोन दिवस गॅलरीत ठेवावा लागला. वजन तळाशी आणि वर नुसती हवा, म्हणून तो पडून राहत नाही. तंजावरची डोलणारी बाहुली अशीच जड बुडावर उभी असते, आणि ती जास्त देखणी. चौथ्या आठवड्यात जोडातून पाणी झिरपायला लागलं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन दोनदा लावलं, दोनदा सुटलं. विक्रेत्याला कळवलं तर परतीची मुदत संपल्याचं उत्तर आलं. हल्ली खाली जुनं फडकं घालून ठेवतो.

पण उठतो मात्र छान. पडला की डुलत डुलत उभा, चेहऱ्यावर तेच हसू. नातवानं त्याचं नाव ठेवलं ढब्बू.

पहिल्या दिवशी नातवानं ढब्बूला मारलंच नाही. भोवती फिरला, नाकाला बोट लावलं, आपल्या वाटीतला चुरमुरा त्याच्या तोंडाशी धरला. मी वही घेऊन बसले होते (सवय!). तेवढ्यात बाप ऑफिसातून आला. “अरे, भरवतोस काय, मार त्याला! असं बघ.” त्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या, एक पाय मागे घेतला आणि “ढिशूम!” नातू उठला. अंगात बिनबाह्यांचं बनियन. त्यानं आधी नसलेल्या बाह्या सरसावल्या, दोन्ही. मग पाय मागे, मग ढिशूम.

त्या बाह्यांनी माझी वही भरली. बांडुरांच्या 1961 सालच्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं होती. त्यातल्या 24 जणांसमोर एका मोठ्या माणसानं बाहुल्याला आडवं पाडलं, त्याच्यावर बसून नाकावर ठोसे मारले, लाकडी हातोडीनं बडवलं, आणि हे करताना ठरावीक वाक्यंही म्हटली. मग मुलं त्यातलं काय काय उचलतात ते पाहिलं. इतका तपशील कशाला, असं विद्यार्थी दर वर्षी विचारायचे. कारण नुसता ठोसा कुठलंही मूल आपल्या मनानं मारेल. खेळणंच मार खाण्यासाठी बनवलंय, मग मुलांनी मारलं यात नवल काय, असा आक्षेप पुढे घेतला गेलाच. म्हणून अशी खूण हवी, जी मुलाला एरवी सुचणार नाही. ती दिसली की समजायचं, हे उचललेलं आहे. बनियनवर सरसावलेल्या बाह्या तशा. हे उदाहरण मला शिकवत असताना मिळालं असतं तर समईची गरज पडली नसती.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय की यामुळे मुलांच्या मनातला राग बाहेर पडतो. याचा एक तारा मी कापलाय. राग वाफेसारखा साठतो आणि झाकण काढलं की जातो, ही समजूत गोड आहे; बांडुरांच्या प्रयोगांतून मात्र उलटंच दिसलं. मारणं बघून मुलं रिकामी झाली नाहीत, मारायला शिकली. आमच्याकडे तर राग बाहेर पडून थेट पुढच्या पिढीत गेला. एका संध्याकाळी मुलगा कसल्याशा मीटिंगवरून तणतणत आला, बॅग सोफ्यावर फेकली, “झाली एकदाची मीटिंग!” म्हणाला आणि ढब्बूला तीन ठोसे. नातू दाराआडून बघत होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर सोफ्यावर, “झाली एकदाची मीटिंग!”, आणि तीन ठोसे. चार नव्हेत, मी मोजले.

सून वैतागली. बापलेकांना समोर बसवून तिनं बजावलं, या घरात ढब्बूला कुणी मारायचं नाही. पुढचे सहा दिवस ढब्बू शांत उभा. “बघा आई, सुधारला,” सून म्हणाली. मी गप्प बसले, कारण मला 1965 आठवत होतं. त्या वर्षीच्या प्रयोगात बांडुरांनी मुलांना तीन वेगवेगळे शेवट असलेली फिल्म दाखवली. एकीत मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ, एकीत रागावणं, एकीत काहीच नाही. रागावलेलं पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांनाच सांगितलं, जे जे पाहिलं ते करून दाखवाल तर बक्षीस. फरक जवळपास पुसला गेला. शिकलेली सगळीच होती, काहींनी फक्त दाखवलं नव्हतं.

सातव्या दिवशी शेजारचा मुलगा खेळायला आला आणि ढब्बूकडे बघून म्हणाला, “याला कसं मारायचं? दाखव ना.” नातवानं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा नजर टाकली. मग बाह्या, पाय, ढिशूम, दप्तर, मीटिंग, सगळं क्रमानं. सहा दिवसांत काही म्हणजे काही विसरला नव्हता. जाताना शेजारचा मुलगाही बाह्या सरसावत गेला. त्याच्या अंगात निदान शर्ट होता.

तारे तीन. एक गळक्या जोडाचा कापला, दुसऱ्याचं वर सांगितलंच. घ्यायचा असेल तर पंप वेगळा घ्या आणि पाणी भरायला चोचीची बाटली हाताशी ठेवा. पहिला ठोसा कोण दाखवणार हेही आधी ठरवा. आमच्याकडे ते राहून गेलं.

मागच्या रविवारची गोष्ट तेवढी राहिली. आम्ही तिघं चहा घेत होतो. नातू ढब्बूसमोर मांडी घालून बसला, तर्जनी उगारली आणि अगदी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “किती. वेळा. सांगायचं? सांगितलेलं कळत नाही का?” मी सुनेकडे पाहिलं. जरा जास्तच अर्थपूर्ण पाहिलं असावं, कारण मुलानं कप खाली ठेवला.

“आई, तिच्याकडे काय बघतेस? हे तुझं वाक्य आहे. माझ्या चौथीच्या स्कॉलरशिपपासून ऐकतोय. आणि बोटसुद्धा तुझंच.”

सून काही बोलली नाही. ढब्बूखालचं फडकं बदलायला उठली.