हाडझिजेच्या प्रयोगासाठी नॅनोसेरिया की पॉलिडोपामाइन?

दोन्ही अँटिऑक्सिडंट नॅनोकण आहेत, म्हणजे पेशींतले सुपरऑक्साइड, पेरॉक्साइडसारखे घातक ऑक्सिजन-रेणू विझवणारे. नॅनोसेरिया म्हणजे सेरियम ऑक्साइडचे कण, पॉलिडोपामाइन म्हणजे डोपामाइनपासून बनणारा काळा पॉलिमर. कागदावर नॅनोसेरियाच सरस. सेरियम +3 आणि +4 मध्ये ये-जा करत राहतो, त्यामुळे कण वापरून संपत नाहीत. पॉलिडोपामाइनचे कॅटेकॉल गट मात्र ऑक्सिडाइझ झाले की थकतात.

तरी हाडासाठी माझा कल पॉलिडोपामाइनकडे आहे. कारण एकच, फॉस्फेट. सेरियाच्या पृष्ठभागावरच्या +3 सेरियमला ते घट्ट चिकटतं. मग सुपरऑक्साइड विझवण्याची ताकद जाते, पेरॉक्साइड तोडण्याची तेवढी उरते. पीबीएस (फॉस्फेटयुक्त बफर) टाळता येतं: डायलिसिस शुद्ध पाण्यात करा, साठाही पाण्यातच ठेवा. पण अल्फा-एमईएममध्ये (पेशी वाढवायच्या मीडियममध्ये) सुमारे 1 मिलीमोलर फॉस्फेट असतंच. ऑस्टिओब्लास्टच्या (हाड बांधणाऱ्या पेशींच्या) खनिजीकरणासाठी आपण वर 10 मिलीमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालतो, आणि त्यातून पेशींचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम फॉस्फेटच सुटं करतं. प्राण्यात गेलं तर हाडच मुळी कॅल्शियम फॉस्फेटचं. सिट्रेटचं आवरण दिलं की गुठळ्या कमी होतात, पण फॉस्फेट त्याने अडेलच असं नाही. शिवाय शिरेतून दिलेलं सेरिया यकृत-प्लीहेत साचून राहतं.

पॉलिडोपामाइन करायला सोपं आहे. 90 मिली पाणी, 40 मिली इथेनॉल आणि 2 मिली अमोनिया द्रावण 30 अंशांवर अर्धा तास ढवळा. 0.5 ग्रॅम डोपामाइन हायड्रोक्लोराइड 10 मिली पाण्यात विरघळवून त्यात घाला. 24 तासांनी सेंट्रिफ्यूज करून तीनदा पाण्याने धुवा. अमोनिया जास्त तर कण लहान. बाटली जुनी होऊन अमोनिया उडालेला असेल तर कण मोठे येतात.

त्याचा त्रास काळ्या रंगाचा. एमटीटीचं (जिवंत पेशी मोजणाऱ्या रंगचाचणीचं) रीडिंग फुगतं, आणि डीसीएफची (घातक ऑक्सिजन-रेणू दाखवणाऱ्या चमकत्या रंगाची) चमक कण स्वतःच दाबतात, म्हणजे परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो. म्हणून पेशींशिवाय नुसत्या कणांची वेल प्रत्येक प्लेटवर ठेवा, आणि निकाल ट्रॅप (हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींचं ओळख-एन्झाइम) रंगवलेल्या, तीन किंवा जास्त केंद्रकांच्या पेशी मोजूनच लावा. ऑस्टिओब्लास्टच्या मीडियममध्ये आपण 50 मायक्रोग्रॅम/मिली अॅस्कॉर्बिक आम्ल घालतो, तेही अँटिऑक्सिडंटच. ते कंट्रोलमध्येही तेवढंच हवं.

हाडझिजेवरचं मान्य औषध या दोन्हींपैकी एकही नाही, हे घरी विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकावं.

दीर्घकाळ टिकणारा परिणाम हाच तुमचा प्रश्न असेल, तर सेरिया घेणं चुकीचं ठरणार नाही. फक्त कण आधी प्रयोगाच्याच मीडियममध्ये 24 तास ठेवा, पाण्याने धुवा, आणि सुपरऑक्साइड विझवण्याची क्षमता तेव्हा पुन्हा मोजा.