फायनाइट एलिमेंट की फायनाइट व्हॉल्यूम? विषय एका विभागात मावत नसेल तर

पीएचडीचा विषय हृदयाच्या कृत्रिम झडपेतून वाहणारं रक्त असो किंवा धरणाच्या काँक्रीटमधली उष्णता, मेकॅनिकल, सिव्हिल आणि गणित अशा सगळ्या विभागांची त्यात गरज पडते. समीकरणं संगणकावर सोडवायची पद्धत मात्र सुरुवातीलाच ठरवावी लागते, कारण पुढे ती बदलणं फार महागात पडतं. फायनाइट एलिमेंट आणि फायनाइट व्हॉल्यूम या त्यातल्या दोन पद्धती. दोन्हींत आकाराचे छोटे तुकडे पाडतात, आणि त्या तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणतात.

फायनाइट एलिमेंट विमानांच्या सांगाड्याच्या गणितातून पुढे आली. तिला हे नाव अमेरिकन अभियंते रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. वेडेवाकडे आकार, एकमेकांना चिकटलेले वेगवेगळे पदार्थ, ताण, उष्णता, विद्युतचुंबकत्व हे सगळं ती एकाच चौकटीत घेते. मेश तोच ठेवून, प्रत्येक तुकड्यातलं उत्तर ज्या बहुपदीने मांडतात तिचा घात वाढवला की अचूकता वाढवता येते. उत्तर किती चुकलं असेल, याचं गणितही तिच्याकडे पक्कं आहे. अडचण येते ती वेगवान प्रवाहात. साध्या गॅलर्किन मांडणीत, म्हणजे या पद्धतीच्या नेहमीच्या रूपात, उत्तर खालीवर हेलकावे खातं आणि ते आवरायला समीकरणात स्थिरीकरणाची वेगळी पदं घालावी लागतात.

फायनाइट व्हॉल्यूमचं बळ हिशेबात आहे. मेशच्या एका पेशीतून, म्हणजे एका तुकड्यातून, जेवढं बाहेर पडतं तेवढंच शेजारच्या पेशीत शिरतं. त्यामुळे मेश जाडाभरडा असला तरी वस्तुमान आणि ऊर्जा हरवत नाही. तिच्या प्रसारात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेल्या सुहास पाटणकरांचा मोठा वाटा आहे. संशोधक स्पाल्डिंग यांच्यासोबत त्यांनी १९७२ मध्ये मांडलेली, प्रवाहातला दाब आणि वेग यांची सांगड घालणारी 'सिम्पल' पद्धत आजही प्रवाहाच्या कोडमध्ये चालते, आणि मराठी विद्यार्थ्याला हे ठाऊक असायलाच हवं. मात्र वेड्यावाकड्या मेशवर दुसऱ्या घातापुढची अचूकता मिळवणं इथे जड जातं.

माझं मत स्पष्ट आहे. प्रश्नाचा गाभा प्रवाह असेल तर फायनाइट व्हॉल्यूम आणि त्यासाठीचं ओपनफोम हे सॉफ्टवेअर. घन पदार्थ किंवा अनेक भौतिकी एकत्र असतील तर फायनाइट एलिमेंट, आणि त्यासाठी फेनिक्स किंवा डील-टू ही सॉफ्टवेअर. झडपेसारख्या विषयात दोन्ही लागतात. तिथे प्रायसीस या जोडणीच्या सॉफ्टवेअरने दोन कोड जोडता येतात, त्यामुळे सगळं एकाच पद्धतीत कोंबायचा हट्ट नको.

कुठलीही घेतली तरी शेवटी प्रचंड मोठा विरळ मॅट्रिक्स, म्हणजे बहुतेक आकडे शून्य असलेला समीकरणांचा संच, सोडवायचा असतो. असे संच सोडवायच्या कॉंज्युगेट ग्रेडियंट आणि मल्टिग्रिड या पद्धती शिकायला दिलेला वेळ म्हणूनच दोन्हीकडे कामी येतो.

विषय प्रवाहाचा असेल, तर झाकण सरकणाऱ्या चौकोनी पोकळीतल्या प्रवाहाचा प्रश्न, जो पद्धती तपासायला नेहमी वापरतात, दोन्हींत सोडवा, १९८२ मध्ये घिया आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहा आणि मगच पीएचडीचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) भरा.